दोराच्या त्या टोकाला

हिराजीकाकांना हळू बोलता येत नसे. कुणाच्या मयताला गेले तरी सांत्वनाचे दोन शब्द ते असे बोलत, की बाहेर चपला काढणाऱ्याला वाटावं, आत भांडण जुंपलंय. “होतंय रं असा! धीर धरायचा!” आतली रडणारी बाईसुद्धा दचकून क्षणभर थांबायची. त्यात त्यांचा दोष नव्हता. उभी उमर त्यांनी डिझेल इंजिनाच्या शेजारी बसून काढली होती, आणि त्यात कान अर्धे गेले होते. ते इंजिन कधीच बंद पडलं होतं, पण काका अजून त्याच्यावर आवाज चढवून बोलत होते.

मी बी.कॉम. झालो आणि मुरबाडकडच्या आमच्या गावातून बदलापूरला आलो. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी लागली होती. बदलापुरातल्या कुळगावात किसनशेठच्या बंगल्यामागे भाड्याच्या चार खोल्यांची ओळ होती, त्यातली एक मला मिळाली. शेजारच्या खोलीत हिराजीकाका. ते किसनशेठचे सख्खे चुलते. पण बंगल्यात न राहता मागे राहत. किसनशेठने त्यांना कधी जा म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी आत येऊ का विचारलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी मी वळकटी सोडत होतो, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

“जेवलास का?”

“हो काका.”

“खोटा बोलतंस. तोंड सुकलाय तुजा. ये इकरं.”

सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात. मी जेवत असताना ते समोर बसून प्रश्न विचारत होते आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा विचारत होते. किती शिकलास म्हणाले, मी बी.कॉम. म्हणालो. घरात आणखी कोण शिकलंय म्हणाले, मी म्हणालो, “मीच पहिला.” त्यावर मात्र ते थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाला त्यांनी ऐकवलं, “आमच्याकरं ग्रॅजुएट आलाय ऱ्हायला! घरातला पयला!” माझ्या वडिलांनी निकालाच्या दिवशी नुसती मान हलवली होती, कारण त्यांना शब्द सुचले नव्हते. माझ्या पदवीचा इतका मोठा उच्चार त्याआधी कुणी केला नव्हता आणि नंतरही कुणी केलेला नाही. एवढ्यासाठी का होईना, मी त्यांचा ऋणी आहे.

काका तरुणपणी अंदमानला गेले. कुणीतरी ओळखीचा बोटीवर होता, त्याच्या मागे गेले, आणि तिथल्या एका लाकूड कंपनीच्या जंगलातल्या कॅम्पवर लागले. समुद्राला लागून जंगल, जंगलात गर्जन आणि पडौकाची झाडं, आणि ती तोडून किनाऱ्यापर्यंत ओढत आणण्याचं काम. ओढायचं मशीन काकांकडे होतं. विंच मशीन. दोन मोठे ढोल, त्यावर मनगटाएवढा तारेचा दोर गुंडाळलेला, मागे इंजिन. कॅम्पवर सगळे त्याला विंचच म्हणत. काका मात्र ‘डोकरी’ म्हणत, म्हणजे म्हातारी. “डोकरी खोकली की समजायचा, डिझेलमंदी पानी हाय.”

ओंडका जिथे पडे तिथून डोकरीपर्यंत मध्ये दाट रान. काका मशीनवर, दोराचं दुसरं टोक रानात कुठेतरी. तिथली माणसं ओंडक्याला साखळी घालत आणि हाक देत. इंजिनाच्या आवाजात काकांना हाक ऐकू येत नसे, म्हणून रानाच्या तोंडाशी एक माणूस लाल फडकं घेऊन उभा असे. फडकं वर गेलं की ओढायचं, खाली आलं की थांबायचं. तो माणूस बुधवा. मूळचा रांचीकडचा. काकांच्या प्रत्येक गोष्टीत बुधवा असायचाच, जसं प्रत्येक जेवणात मीठ.

“मना काय बी दिसत नसं,” काका सांगत. “नुस्ता बुधव्याचा फरका. आनि मंग रान हलायचा. झाडं हलायची. आनि त्याच्यातून तोंड काढायचा ओंडका, रेड्यासारका!” हे सांगताना त्यांचा डावा हात गुडघ्यावर मागे-पुढे होई. तिथे लीव्हर असे.

मग कोर्टाचा हुकूम आला आणि तोड थांबली. कॅम्प उठला. डोकरी तिथेच किनाऱ्यावर राहिली. काका एक पत्र्याची पेटी घेऊन कुळगावला परतले तेव्हा भाताची शेतं जाऊन तिथे इमारती उभ्या होत्या, भाऊ गेले होते, आणि पुतण्याने रेती-विटांचा धंदा काढला होता. लग्न राहूनच गेलं होतं.

त्यांची एक सवय गल्लीत प्रसिद्ध होती. ताणलेल्या कुठल्याही दोराच्या रेषेत ते स्वतः उभे राहत नसत आणि दुसऱ्याला उभं राहू देत नसत. कपड्याची दोरी असो, मांडवाची असो, हात धरून बाजूला करत. एकदा अंबरनाथच्या रस्त्यावर एक ट्रक गटारात कलंडला होता आणि क्रेनने त्याला तारेने ओढायचं चाललं होतं. बघ्यांची ही गर्दी. काकांनी हातातली भाजीची पिशवी माझ्याकडे फेकली आणि गर्दीत घुसले.

“हटा! हटा तिकडून! दोर तुटला तर मानसाचे दोन तुकडे होतील!”

“ओ आजोबा, पिक्चर बघू द्या ना,” एक पोरगा म्हणाला.

“पयला हट, मंग बग!”

लोक हसले, पण त्या आवाजाला घाबरून सरकलेसुद्धा. तार काही तुटली नाही. ट्रक व्यवस्थित वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या क्रेनवाल्याला. येताना मी म्हणालो, “बरं झालं ना काका, काही झालं नाही.” ते म्हणाले, “तसा रोजच काय होत नाय.”

रविवारी ते मला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प चारला जात. तिथे एका सिंधी शेठचं भंगाराचं मोठं आवार होतं. गिअर, पुल्या, मोडकी इंजिनं, गंजलेल्या तारेची वेटोळी. काका काही विकत घेत नसत. ग्रीसचा वास घेत फिरत आणि मग एखाद्या उलट्या ढोलावर बसून राहत. शेठ लांबूनच ओरडायचा, “साईं, हर हफ्ते देखते हो, कभी कुछ ले भी जाओ!”

“कहां रखेगा? भतीजा मेरेकोच मुश्किल से रखता है!”

दोघं हसत. चहा येई. एका रविवारी त्यांनी शेठला डोकरीची सगळ्यांत लाडकी गोष्ट सांगितली. एका भागातली झाडं संपली की मशीन पुढच्या भागात न्यायचं असे. रानात रस्ता नाही, मग न्यायचं कसं? डोकरी लाकडाच्या जाडजूड घसरगाडीवर बसवलेली होती. तिचाच दोर पुढच्या एखाद्या मोठ्या झाडाला बांधायचा आणि इंजिन सुरू करायचं. ती स्वतःचा दोर गुंडाळत, स्वतःलाच ओढत चिखलातून पुढे जाई. चढसुद्धा चढे.

शेठने बशीतला चहा संपवला. “साईं, मशीन अपने आप को खींच के ले गया? अच्छा फेंकते हो.”

घरीही हेच होतं. किसनशेठ मनाने वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या अंगणात स्वतःचा जेसीबी उभा होता आणि चारचौघांत काकांची फिरकी घेतल्याशिवाय त्याला राहवत नसे. “काका, तुमची डोकरी आणि आमचा जेसीबी, लावायची का रेस? पण झाड कुठून आणायचं दोर बांधायला? बदलापुरात आता झाडंच नाहीत!” सगळे हसत. शेठची बायको, आमच्या वहिनी, पदर तोंडाला लावत. काका मोठ्याने म्हणत, “हसा! बुधव्याला येऊ दे एकदा. तोच सांगंल.”

बुधवा येईल आणि सांगेल. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की एक दिवस माझ्या लक्षात आलं, त्यांना दुसरं काहीच नको आहे. एवढं आयुष्य जिथे गेलं ती जागा इथल्या एकाही माणसाने पाहिलेली नव्हती. कुणीतरी समोर बसून, चार माणसांत, ‘होय, असंच होतं’ म्हणायला हवं होतं. तेवढं झालं नाही, तर त्यांचं जगणंच एक थाप ठरणार होतं.

त्यांच्या आणखी एका गोष्टीला मात्र सगळे आवडीने बसत, कारण तिच्यात खाणं होतं. ती सुट्टीची गोष्ट. एके दिवशी सकाळीच बुधव्याचं फडकं खाली आलं ते पुन्हा वर गेलंच नाही. थोड्या वेळाने निरोप आला, साखळी तुटली, आज काम बंद. कॅम्पवर सुट्टी ही चीजच नव्हती. काका उठले आणि खाडीत उतरले. आगरी माणूस; खाडी दिसली की चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, दिसणारच. हाताएवढाल्या नांग्यांच्या चिंबोऱ्या पकडल्या, मशीनवाल्या मिस्त्री लोकांच्या झोपडीत नारळाच्या दुधात शिजवल्या. “तशी चव पुना नाय मिलाली. बुधव्यासाटी दोन ठेवल्या व्हत्या. आलाच नाय लेकाचा, झोपला असंल!” इथे सगळे हसत. मीही किती वेळा हसलो असेन.

आणि बुधवा खरोखरच आला. त्याची नात कल्याणच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती. तिची खोली लावून द्यायला तो तिच्याबरोबर आला होता. वर्षाकाठी नाताळला आणि दिवाळीला या दोघांचा फोन होई, तेवढ्यावर त्याने पत्ता काढला होता. नातीने रविवारी आणून सोडते म्हणून कळवलं.

त्या रविवारी काकांनी पहाटेच दाढी केली. बंगल्यात जाऊन किसनशेठला सांगितलं, आज कुठे जायचं नाही. शेजारपाजारच्यांना बोलावलं. अंगणात, जेसीबीच्या सावलीत खुर्च्या मांडल्या. मला म्हणाले, “तू पुढं बस. तू शिकलेला. नीट आयक.”

बुधवा म्हणजे मी कुणी धिप्पाड माणूस समजत होतो. रिक्षातून उतरला तो लहानखुरा, काळासावळा, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला म्हातारा. काकांनी त्याला मिठी मारली तेव्हा तो त्यांच्या खांद्याखाली दिसेनासा झाला. नात चहा पिऊन लगेच निघाली. संध्याकाळी येते म्हणाली.

काकांना धीर नव्हता. पाणी पिऊन होतं न होतं तोच म्हणाले, “बुधवा, बोल इनको. डोकरी अपने आप को खींच के लेके जाती थी के नहीं?”

बुधव्याने सगळ्यांकडे पाहिलं. “जाती थी,” तो म्हणाला. “पेड़ में रस्सा बांध के. सच बात है.”

काकांनी मांडीवर थाप मारली. किसनशेठने दोन्ही हात वर केले. “हरलो काका! आमचा जेसीबी हरला!” खरंच सगळ्यांना आनंद झाला. वहिनींनी भजी आणली. मी काकांकडे पाहत होतो. एखाद्याच्या डोक्यावरचं ओझं उतरताना दिसावं, तसा तो चेहरा होता.

ते तिथे थांबले असते तर. पण आनंदात माणूस आणखी एक पाऊल टाकतोच. ते म्हणाले, “और वो छुट्टी का दिन? वो चिंबोरी? तेरे लिए दो रखा था मैं. तू आया नहीं, साला, सो गया था!”

शेजारचे हसायला तयारच होते. बुधव्याने हातातली बशी खाली ठेवली.

“मिस्त्री,” तो हळू म्हणाला, “उस दिन सुकरा का पैर गया था.”

काकांना ऐकू आलं नाही. “क्या?”

आता कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं. बुधव्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे बसलो होतो. मी काकांच्या त्यातल्या त्यात बऱ्या, उजव्या कानाशी जाऊन सांगितलं, “काका, त्या दिवशी सुकराचा पाय गेला म्हणतात.”

“कोन सुकरा?”

“हमारा छोटा भाई,” बुधवा म्हणाला. मी तेही सांगितलं.

मग बुधवा सांगत गेला. साखळी तुटली आणि ओंडका सुकराच्या पायावर आला. बुधव्याने फडकं खाली टाकलं आणि रानात धावला. सुकराला झोळीत घालून रानातूनच पलीकडच्या खाडीवर नेलं, कारण दवाखान्याची होडी तिकडे लागे. मशीनकडे रानातलं कुणी आलंच नाही, कॅम्पवरून काम बंदचा निरोप तेवढा गेला. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. सुकरा पुन्हा कॅम्पवर आला नाही, त्याच्या जागी दुसरा माणूस आला.

काका म्हणाले, “किसी को लगा है, इतना सुना था.” मग थोड्या वेळाने, “लगता तो रोज था किसी न किसी को.” आणि मग, “तूने बताया नहीं कभी.”

“तुमने पूछा नहीं, मिस्त्री.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट समजूत घातल्यासारखं तो पुढे म्हणाला, “तुमको कैसे दिखता? तुम तो मशीन पे थे.”

किसनशेठने विषय बदलायला क्रिकेटचं काहीतरी काढलं. माणसं एकेक करून उठली. भजी तशीच राहिली. वहिनी बशा उचलताना काकांकडे बघायचं टाळत होत्या. मीही उठलो, पण काकांनी माझा हात धरून बसवलं. कानाशी बोलायला त्यांना मी हवा होतो.

मग त्यांनी आपली खुर्ची ओढून बुधव्याच्या अगदी जवळ नेली आणि विचारलं, “उधर क्या था? रस्से के उस तरफ?”

स्वतःला माहीत नसलेलं काही कुणाला विचारून ते उत्तरासाठी थांबले, ते माझ्या माहितीत पहिल्यांदाच. बुधवा दुपारभर बोलला. मी कानाशी सांगत गेलो. जळवांचं सांगितलं, तंबाखूचं पाणी पायाला लावूनही त्या चढायच्या. चिखलात झोपून ओंडक्याखालून साखळी काढावी लागे, आणि साखळी बसली की हाक देऊन पळायचं, पण पळायला जागा नसायची. मशीन दिसायचं नाही. दोर एकदम जिवंत झाला की कळायचं, तिकडे मिस्त्रीने लीव्हर ओढला. सुकरा गाणं म्हणायचा, साखळी घालताना. काका मधूनच फक्त “और?” म्हणत. त्यांचा डावा हात मांडीवर पडून होता, हलत नव्हता.

संध्याकाळी नात आली. निघताना बुधव्याने काकांना सुकराचा नंबर दिला. तो अंदमानातच, उत्तरेकडच्या एका बेटावर लेकीकडे असतो म्हणाला. चार दिवसांनी बुधवा परत गेला.

त्यानंतर काकांनी चिंबोऱ्यांची गोष्ट कधी सांगितली नाही. डोकरीचीही नाही. आता सगळे मानत होते, किसनशेठ तर नव्या गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगत असे, “आमच्या काकांचं मशीन स्वतःला ओढायचं, खोटं नाही, साक्षीदार येऊन गेलाय!” काका ऐकून उठून जात. कॅम्प चारला जाणंही सुटलं.

बरेच दिवस गेल्यावर एका सुट्टीच्या सकाळी ते फोन घेऊन माझ्या खोलीत आले. “लाव,” म्हणाले. मी सुकराचा नंबर लावला, आवाज मोठा केला. पलीकडे एका म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला. काकांनी आपलं नाव सांगितलं, कॅम्पचं सांगितलं. मग सुकरा म्हणाला, “कौन हिराजी? याद नहीं आ रहा, बाबू.”

“विंचवाला! मशीन पे!”

“मशीन तो बहुत दूर था. हम कभी देखे नहीं कौन बैठता है. खाली आवाज आता था.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, काहीतरी गोड करून सांगावं. पण त्या दिवशी अंगणात मी सगळं खरं सांगितलं होतं, तेव्हा आताही सांगितलं. “काका, त्यांना तुम्ही आठवत नाही. त्यांनी तुम्हाला पाहिलंच नव्हतं. मशीनचा आवाज फक्त आठवतो म्हणतात.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “विचार, पावसात पाय दुकतो का.”

“जो नहीं है, वही दुखता है,” पलीकडून उत्तर आलं, आणि तो म्हातारा हसला. मी सांगितलं. काका हसले नाहीत. “बोल, मैं फिर लगाऊंगा,” म्हणाले.

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला खोली घेतली. निघण्याच्या दिवशी टेम्पो भरून झाला तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला गेलो. दार उघडं होतं. ते खाटेवर बसले होते, सुकराला लावलेला फोन उजव्या कानाशी, आवाज इतका मोठा की मला दारातून ऐकू येत होतं. एक बाई पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती सध्या नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. हिंदीत, मग इंग्रजीत.

मी जवळ जाऊन म्हणालो, “काका, कुणी माणूस बोलत नाहीये. ती कंपनीची टेप आहे.”

“ठाव हाय मना.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीबाहेर गेला नसेल. “ती गप झाली का पुना लावतंय. कदी कदी लागतो.”

मी वाकलो. त्यांनी फोन कानाचा न काढता दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तो तसाच ठेवून ते पुढची घंटा वाजायची वाट पाहत राहिले.